आधीचा रकाना

शर्ट जळाला तो सर्वस्वी तिच्या चुकीने. इस्त्री शर्टाच्या पाठीवर टेकवून ती खिडकी लावायला गेली, समोरच्या इमारतीवर दोराने लोंबकळणाऱ्या रंगाऱ्याकडे बघत राहिली, आणि वास आला तेव्हा शर्टाच्या मधोमध बशीएवढा तपकिरी डाग पडून गेला होता. तिने इस्त्री उचलली, बटण बंद केलं आणि मान खाली घालून उभी राहिली. हे तिने ठरवून केलं नाही. बावीस वर्षांच्या सवयीने मान आपोआप खाली गेली, खांदे वर आले आणि कान आवाजाची वाट बघू लागले. नवरा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. त्याने शर्टाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "जळला का?" तो म्हणाला. "असू दे. दुसरा घालतो." कपाटातून दुसरा शर्ट काढून, खालून वर एकेक बटण लावत तो खुर्चीवर जाऊन बसला. बस्स, एवढंच. कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, अगं मग नशीब काढलंस की. तिलाही तसंच वाटायला हवं होतं, आणि गेले सात महिने तसंच वाटत आलं होतं. पण आज वर गेलेले खांदे खाली यायलाच तयार नव्हते. शर्ट गुंडाळून तिने मोरीतल्या बादलीमागे टाकला, लपवायचं काही कारण नसताना टाकला, आणि मग स्वतःचाच राग आला म्हणून परत काढून कचऱ्याच्या डब्यात कोंबला. नवरा खिडकीतून रंगाऱ्याकडे बघत होता. "घसरेल तो," तो म्हणाला. ज्या आवाजात लोक आज हवा बरी आहे म्हणतात त्याच आवाजात म्हणाला.

पर्समध्ये फॉर्म होता. चार दिवस घडी घालून ठेवलेला, उद्या सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंच्या हातात द्यायचा. सात महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या डोक्यात रक्त साकळलं, डोकं उघडावं लागलं, बावीस दिवस तो काचेपलीकडे होता आणि ती बाकावर. त्यातून तो उठला, चालला, बोलला. हात ठीक, पाय ठीक, बेरीज-वजाबाकी ठीक. "आता एकच बघायचं राहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. वयाने लहान, बोलायला सरळ, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. "मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलाय. तिथे माणसाचा स्वभाव असतो म्हणा ना. तो बदलला की नाही हे कुठल्याच मशीनमध्ये दिसत नाही, घरच्यांनाच विचारावं लागतं." आणि त्यांनी तो फॉर्म पुढे सरकवला. इंग्रजीतले चाळीस शब्द, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे दोन रकाने. डावीकडे आजारापूर्वी, उजवीकडे आता. लागू पडेल तिथे खूण करायची. खाली दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी मोकळ्या, तिथे आपल्या शब्दांत उदाहरण, आणि अगदी तळाशी भरणाऱ्याचं रुग्णाशी नातं लिहायला एक चौकोन. "तुम्ही इंग्रजी शिकवता ना? मग काय, तुम्हाला सोपंच आहे," त्या म्हणाल्या. तीही हसली. सहनशील या अर्थी पेशंट, मग काइंड, स्टबर्न, रिलायबल, शॉर्ट-टेम्पर्ड, कन्सिडरेट. सतरा वर्षं ती हेच शब्द शिकवत आली होती, वर्षाला तीन तुकड्या. अर्ध्या झोपेतून उठवलं असतं तरी तिने चाळीसच्या चाळीस म्हणून दाखवले असते.

"दोन्ही रकाने सारखे आले तर सोमवारपासून कामावर जाऊ देत," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "वेगळे आले तर मात्र वर्षभर काम बंद. गोळ्या द्यायच्या, आठवड्यातून दोनदा इथे आणायचं." "आणि त्याने काय होईल?" तिने विचारलं. "पूर्वीचे ते जितके परत आणता येतील तितके आणायचे. बरेचदा बरंच येतं परत." हे त्यांनी मोठी आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं, आणि ती हो हो म्हणत उठली. बसथांब्यावर उभ्या उभ्या तिने पेन्सिलीने उजवा रकाना भरून टाकला. एक मिनिटही लागलं नाही. पेशंट, खूण. काइंड, खूण. इझीगोइंग, कन्सिडरेट, जंटल, खूण, खूण, खूण. हात कसा भरभर चालत होता. मग पेन्सिल डावीकडे आली आणि अडली, ती चार दिवस तिथेच अडलेली होती. कारण डावीकडे खरं लिहायचं म्हणजे लिहायचं की हा माणूस पूर्वी असा नव्हता, आत्ताचा हा चांगुलपणा म्हणजे दुखणं आहे, याला गोळ्या द्या आणि मला माझा जुना नवरा परत आणून द्या. असं कोणती बाई आपल्या हाताने लिहील? आणि उजवीकडच्याच खुणा डावीकडे उतरवून काढल्या तर विचारणार कोण होतं? त्याचे आईवडील कधीच गेले, भाऊ नाही, बहीण नाही. घरातला पूर्वीचा तो कसा होता हे या जगात दोनच माणसांना पक्कं माहीत, एक ती आणि दुसरी लेक.

कामावर त्याला सायरन म्हणत. तो लिफ्ट तपासायचा. शहरातल्या कुठल्याही इमारतीत जायचं, गच्चीवरच्या मशीनखोलीत चढायचं, दोर हातात घेऊन त्याचा एकेक तंतू बोटाने चाचपायचा, तुटलेले मोजायचे, दरवाजे, ब्रेक, खालचा खड्डा बघायचा आणि मग सही करायची. सव्वीस वर्षांत त्याने सही केलेली एक लिफ्ट पडली नव्हती. आणि सव्वीस वर्षांत एकही मेकॅनिक असा नव्हता की ज्याची पाचावर धारण बसवली नव्हती त्याने. "सायरन आला रे," खालून पुकारा व्हायचा आणि वरचे हातातलं अर्धं बिस्किट खिशात टाकून उभे राहायचे. हे त्यांनीच तिला एका समारंभात सांगितलं होतं, हसत हसत, आणि तीही हसली होती, कारण तिथून ते आठ तासांनी घरी जात आणि ती मात्र सायरनच्या घरीच राहायची. राग त्याच्या नाकावर असायचा. किल्ली जागेवर नाही, ओरडला. दूध उतू गेलं, ओरडला. टेबलाचा एक पाय आखूड, त्या टेबलावर आणि टेबल घेणाऱ्या तिच्यावर ओरडला. लेक सहा वर्षांची असताना एकदा लिफ्टच्या जाळीतून हात बाहेर काढून खेळत होती. त्याने जिन्यावरून पाहिलं, लिफ्ट थांबवली, तिला दंडाला धरून बाहेर ओढली आणि सगळ्या मजल्यांवरची दारं उघडतील असा गरजला. पोरीचा फ्रॉक जागच्या जागी ओला झाला. हे सगळ्यांनी पाहिलं, खालच्या मजल्यावरच्या पोरीच्या मैत्रिणीनेसुद्धा. त्या दिवशी तिने, बायकोने, त्याला मनातून जे काढलं ते काढलंच. हात वाचला हेही खरं होतं, आणि तिला ते समजत नव्हतं असं नाही. पण समजणं एकीकडे राहिलं आणि तो ओला फ्रॉक एकीकडे.

आणि आता सात महिने घरात आवाज नाही. पहिले काही आठवडे ती त्याला अशक्तपणा समजली, मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, आणि मग ती सैलावली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला स्वयंपाक करताना गुणगुणायची सवय लागली. कपाटाची दारं उघडी टाकून ती खुशाल बाहेर जाऊ लागली. एकदा तर मुद्दाम, लहान मुलासारखी, त्याची किल्ली भलतीकडे ठेवून बघितली. तो शोधत राहिला, सापडेना तेव्हा खुर्चीवर बसून राहिला. लेक चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरी शिकायला गेली ती सुटीतही घरी येत नव्हती, ती या सात महिन्यांत दोनदा येऊन गेली, बापाशेजारी बसली, बोलली. सुख सुख म्हणतात ते हेच असणार, असं तिने ठरवून टाकलं. मग गेल्या मंगळवारी त्यांच्याच इमारतीतली लिफ्ट मजल्यापासून चार बोटं खाली थांबली. शेजारच्या आजी बाहेर पडताना अडखळल्या, गुडघ्यावर आपटल्या. नवरा मागेच होता. त्याने आजींना हात देऊन उठवलं, पिशवीतून सांडलेले बटाटे गोळा करून दिले, आणि दार उघडून घरात आला. ती बघतच राहिली. "अहो, लिफ्ट खाली थांबतेय," ती म्हणाली. "हो. ब्रेक झिजलाय," तो म्हणाला आणि पायातले बूट काढून त्याने ओळीत ठेवले. मेकॅनिकला फोन शेवटी तिनेच केला. दमला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

शर्टाचा तो डाग डोक्यात घेऊनच ती वर्गात पोचली. वर्ग एका छापखान्याच्या वर होता, खाली यंत्र चालू झालं की पायाखालची फरशी किंचित थरथरायची आणि फळ्याकडेला ठेवलेला खडू आपसूक सरकत जायचा. समोर अकरा जण, सगळे मोठे, कुणी नोकरीच्या मुलाखतीसाठी, कुणी बढतीसाठी, कुणी मुलांपुढे मान ताठ राहावी म्हणून आलेले. आज स्वभावाचे शब्द आणि ते जोडणारे शब्द, दोन्हींचा एकत्र धडा होता. तिने फळ्याच्या एका बाजूला विशेषणं लिहिली, दुसऱ्या बाजूला हाउएव्हर, ऑलदो, देअरफोर, बिकॉज. या धड्यात तिचा एक नियम होता आणि त्यासाठी ती त्या भागात प्रसिद्ध होती. माणसाला विशेषण लावलं की त्याच्या पाठोपाठ बिकॉज आलाच पाहिजे, आणि बिकॉजनंतर घडलेली गोष्ट. मी मेहनती आहे, असं कुणी म्हणालं की ती टेबलावर डस्टर वाजवायची. "कशावरून?" ती म्हणायची. "तुम्ही म्हणता म्हणून? पुरावा द्या, नाहीतर शब्द पुसा." सतरा वर्षांत किती शब्द तिने असे पुसायला लावले असतील याची गणती नव्हती.

आणि तरीही आज तिने जे केलं ते तिलाच नंतर कळेना. पुस्तकातला उतारा बाजूला ठेवून ती म्हणाली, "आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत. पूर्वी फार रागीट होते. मोठं आजारपण झालं, आता एकदम शांत झालेत. त्यांच्यावर चार वाक्यं करा." सगळे वहीवर वाकले. ड्रायव्हरकाकांनी पहिलं वाक्य वाचलं, ते पूर्वी शॉर्ट-टेम्पर्ड होते, हाउएव्हर, आता काइंड आहेत. छान, ती म्हणाली, आणि पुढे जायला वळली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या शिंपीणबाई बोलल्या. दोन वर्षं एकही धडा न चुकवलेली ही बाई, बोटात कायम अंगुस्तान विसरलेलं. "मॅडम, काइंडच्या मागे बिकॉज राहिला ना."

"बिकॉज ते आता ओरडत नाहीत," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"हा काय पुरावा झाला? ओरडत तर आमचं कपाटही नाही."

वर्ग हसला. फरशी थरथरत होती. तिने डस्टर उचललं आणि ते हातातच राहिलं. "ते सगळ्यांशी नीट बोलतात," ती म्हणाली. "बायको काय सांगेल ते ऐकून घेतात. कुणी पडलं तर उचलतात." आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू येत होतं. शिंपीणबाईंनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, विचार केल्यासारखी. "मग असेल बाई. पण आपणहून काय करतात ते? म्हणजे बघा मॅडम, माझी मोठी नणंद काइंड आहे. कशावरून, तर मला ताप आला तेव्हा न सांगता येऊन बसली, आणि मी औषध घेतलं नव्हतं म्हणून मला शिव्याही घातल्या. हे गृहस्थ कुणासाठी कधी न सांगता उठले?" तिची तळपायाची आग मस्तकाला गेली, ती त्या बाईवर नव्हे, त्या नियमावर, सतरा वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यात मारलेल्या त्या उपद्व्यापी नियमावर. शेवटी ती म्हणाली, "पुढचं वाक्य," आणि पुढचं वाक्य कुणी वाचलं, बरोबर होतं की चूक, यातलं काही तिच्या डोक्यात शिरलं नाही.

वर्ग सुटल्यावर ती जिन्यातच होती तेव्हा लेकीचा फोन आला. "भरलास का तो फॉर्म?" लेकीने हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं. भरत्येय, ती म्हणाली. "आई, हे बघ, तू नियमावर बोट ठेवून चालणारी बाई आहेस हे मला माहितीय. पण या वेळी नको. काल बाबांनी माझं बोलणं पाऊण तास ऐकलं. मी शिक्षण सोडून कामाला लागणार म्हटलं तरी एक शब्द बोलले नाहीत. तुला जमेल तसं कर म्हणाले." ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "तू शिक्षण सोडत्येस?" "अगं, ते नंतर सांगते. मुद्दा तो नाहीये. मला इतक्या वर्षांनी बाप मिळालाय आणि तू त्याला गोळ्या देऊन घालवून टाकणार आहेस का, एवढंच मला सांग." लेकीचा आवाज शेवटी ओला झाला. नाही गं, बघते, रडू नकोस, असं काहीबाही बोलून तिने फोन ठेवला आणि मग पुढची किती तरी मिनिटं ती त्याच पायरीवर उभी होती. पोरगी शिक्षण सोडतेय म्हणाली आणि तो तुला जमेल तसं कर म्हणाला. पूर्वीचा असता तर पहिल्या गाडीने तिथे जाऊन थडकला असता, तिच्या खोलीच्या दारात उभा राहून असा काही तमाशा केला असता की सगळी पोरं जमा झाली असती. त्या तमाशाच्या नुसत्या कल्पनेने तिच्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी, त्याच काट्यासकट, तो तमाशा व्हायला हवा होता असंही तिला वाटलं. हे वाटलं म्हणून ती घाबरली.

बस आली ती तिने सोडली. दुसरीही सोडली. मग चालत सुटली. उन्हातून, दुकानांच्या काचांवरून, एका बँकेच्या आणि एका चष्म्याच्या दुकानाच्या मधल्या बोळातून, जिथे तिला काही काम नव्हतं. चालताना मन एका जागी थांबत नव्हतं. ती आपल्याशीच वकिली करत होती आणि आपलीच उलटतपासणी घेत होती. समजा त्याला काही होत नाहीये, समजा माणूस मरणाच्या दारातून आल्यावर शहाणा होतो तसा तो झाला. का होऊ नये? आणि ब्रेक झिजलाय म्हणून बूट काढून ठेवले ते? सोमवारी तो एखाद्या इमारतीच्या गच्चीवर दोर हातात घेईल, तंतू मोजेल, अकरा तुटलेत हे त्याला बरोबर कळेल, आणि मग असू दे म्हणून सही करेल. खाली शाळेतून आलेली पोरं बटण दाबतील. तिने मान जोरात झटकली, तेव्हा समोरून येणारा पोस्टमन बाजूला झाला. कुठल्या तरी कार्यालयाच्या आवारातल्या बाकावर ती बसली, फॉर्म मांडीवर उघडला, आणि मग एकदाचं व्हायचं ते होऊ दे म्हणून पेन काढून डावीकडच्या रकान्यात पेशंट या शब्दापुढे शाईने खूण केली. छोटीशी, सुबक, वही तपासताना करायची तशी. ती इतकी सहज झाली, याचंच तिला वाईट वाटलं.

मग उदाहरणाच्या ओळी होत्या. पूर्वी तो सहनशील होता, बिकॉज. तिने आठवायला सुरुवात केली. बावीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, एक प्रसंग सापडायला काय हरकत होती? लेक झाली तेव्हा तो नऊ तास बाहेर उभा होता खरा, पण त्या नऊ तासांत त्याने पहारेकऱ्याशी दोनदा आणि नर्सशी तीनदा भांडण केलं होतं आणि शेवटी त्याला फाटकाबाहेर काढलं होतं. फाटकाबाहेर उभा राहून तो मुलगी झाली की मुलगा हे वरच्या खिडकीकडे बघून ओरडून विचारत होता. लेकीला सायकल शिकवली तेव्हा सबंध रस्ता तिला गाढव म्हणत मागे पळाला, पण सीटवरचा हात सोडला नाही. तिच्या स्वतःच्या आईच्या शेवटच्या आजारात रक्त मिळेना, तेव्हा तो तीन रक्तपेढ्या पालथ्या घालून, प्रत्येक ठिकाणी आरडाओरडा करून, दोन बाटल्या घेऊन आला आणि आल्याबरोबर पाणी विचारलं नाही म्हणून तिच्यावर खेकसला. जो प्रसंग काढावा त्यात आवाज होताच. आवाज वजा केला तर प्रसंगच उरत नव्हता. असं कसं झालं, तिला समजेना. ती शाईची खूण मात्र वाळून पक्की झाली होती.

घरी आली तेव्हा चार वाजायचे होते. नवरा टेबलाशी बसला होता, पुढे सकाळचं वर्तमानपत्र, सकाळचंच पान. चपला काढायच्या आधी तिने फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. आजवर तिने तो त्याच्यापासून लपवला होता. का लपवला होता, तर आत कुठे तरी जुन्या आवाजाची धास्ती होती. "अहो, हा डॉक्टरांचा फॉर्म आहे. तुम्ही पूर्वी कसे होता आणि आता कसे आहात ते मला लिहायचंय."

त्याने फॉर्म वाचला. सावकाश, वरून खाली, बोट फिरवत, दोर चाचपायचा तसा. पेशंटपुढच्या शाईच्या खुणेवर बोट थांबलं.

"हे चुकलंय," तो म्हणाला. रागाने नाही.

"तुम्हाला आठवतं तुम्ही कसे होता ते?"

"आठवतं की. सगळं आठवतं." त्याने बोट फॉर्मवरून उचललं. "लेक शिकायला निघाली त्या दिवशी तिच्या ट्रंकेचं कुलूप लागत नव्हतं. मी ओरडलो. तू नालायक आहेस, तुला साधं कुलूप लावता येत नाही, तिकडे कशी जगणार, असं म्हणालो. ती तशीच निघाली. तू तिला पोचवायला गेलीस. मग मी गच्चीवर गेलो. टाकीच्या मागे बसलो आणि रडलो. दीड तास बसलो होतो."

तिच्या पायात अजून चपला होत्या. "मला कधी बोलला नाहीत."

"नाही. नेहमीच जायचो मी. ओरडून झालं की. कधी गच्ची, कधी खालचा पंपाचा खड्डा. तुम्हा दोघींना काही होईल अशी फार भीती वाटायची मला, सारखी. छातीत आवळल्यासारखं व्हायचं. ओरडलं की सुटायचं, आणि मग ओरडल्याचं वाईट वाटायचं." हे सगळं तो एखाद्या तिसऱ्याच माणसाबद्दल अहवाल द्यावा तसं सांगत होता, न थांबता, न अडखळता, नेमकं.

"आणि आता?"

"आता नाही होत."

"लेक शिक्षण सोडत्येय म्हणे. तुमच्याशी बोलली ना? काय वाटलं तुम्हाला?"

त्याने खरोखर विचार केला. टाळलं नाही, आत जाऊन बघून आल्यासारखा तो परत आला. "काही नाही," तो म्हणाला. "ती फोन करते तेव्हाही नाही. माझी मुलगी आहे हे माहीत आहे. नुसतं माहीत आहे, पुढच्या गल्लीचं नाव माहीत असावं तसं. तुझंही तसंच."

हे बोलताना त्याचा चेहरा शांत होता, प्रेमळसुद्धा दिसत होता. सात महिने ती ज्या चेहऱ्यासमोर गुणगुणत होती तोच हा चेहरा. तिला वाटलं होतं, माणूस बदलला. माणूस बदलला नव्हता, घरातून निघून गेला होता, आणि तो निघून गेला म्हणून ती बावीस वर्षांत पहिल्यांदा मोकळी झाली होती, आनंदात होती. याची तिला इतकी लाज वाटली की डोळे मिटावेत तर मिटवेनात. टाकीमागे बसलेला तो माणूस तिने एकदाही पाहिला नव्हता. कधी तरी जिन्याने चार पायऱ्या वर चढली असती तर दिसला असता. ती रडू लागली. तोंडावर पदर नाही, हात नाही, तशीच टेबलावर वाकून, मोठ्याने, कुणी ऐकेल याची पर्वा न करता.

तो बघत होता. मग त्याने हात पुढे केला, अलगद, आणि तिच्या हनुवटीखालून फॉर्म ओढून घेतला. "कागद भिजेल," तो म्हणाला आणि फॉर्म कोरड्या बाजूला नीट सरळ करून ठेवला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिने तोंड पुसलं, फॉर्म आपल्याकडे घेतला. पेशंटपुढची शाईची खूण तिने आडवी रेघ मारून खोडली आणि शेजारी सही केली. बाकीचे शब्द तसेच राहू दिले, उजवीकडच्या पेन्सिलीच्या खुणांकडे तर तिने बघितलंही नाही. खालच्या तीन ओळींत, डाव्या बाजूला, पहिलीतल्या मुलालाही कळेल अशा इंग्रजीत तिने लिहिलं की पूर्वी तो आमच्यावर ओरडायचा, आणि मग एकटा जाऊन रडायचा. उजव्या बाजूला लिहिलं, आता दोन्ही नाही.

त्याने फॉर्म फिरवून आपल्याकडे घेतला आणि वाचला. दोनदा वाचला.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि तळाच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "आता इथे नातं लिही."